सात बिऱ्हाडं, सात मीटर: जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

सराफ बाजाराच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाड्यात सात बिऱ्हाडं राहतात आणि सगळ्यांत मिळून वीजमीटर एकच, तोही मालकांच्या नावावर. रस्त्याकडच्या दुकानाचं व्यापारी मीटर वेगळं आहे, त्याचा या कामाशी संबंध नाही. घराघरांत मालकांनी सबमीटर बसवलेत आणि दरमहा युनिटला १५ रुपयांनी ते पैसे गोळा करतात. भाडेकरू म्हणतात, मालक लुटतात. मालक म्हणतात, मलाच पदरचे घालावे लागतात. वर्षानुवर्षं हा वाद चौकात चालू आहे.

आमच्या गल्लीतल्या रहिवासी गटाने काम हातात घेतलंय: प्रत्येक बिऱ्हाडाला त्याच्या नावाचं घरगुती मीटर. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवते, म्हणून तांत्रिक बाजू माझ्याकडे. कागदपत्रं आणि पैशांचा हिशेब गटातल्या दोघी बघणार. आजूबाजूला असेच एकाच मीटरवर चालणारे आणखी वाडे आहेत, त्यांना वापरता याव्यात म्हणून या नोंदी तपशिलात ठेवतेय.

१७ नोव्हेंबर, रविवार

सगळ्या सबमीटरचं महिन्याचं रीडिंग आणि मालकांचं बिल आज एकाच टेबलावर मांडलं. घरांचा वापर ८८, ७२, ९५, ११०, ६४, १०५ आणि ८६ युनिट. बेरीज ६२०.

महावितरणचे घरगुती दर तेव्हा, म्हणजे एप्रिल २०२४पासून, असे होते: पहिल्या १०० युनिटला ४.७१ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत १०.२९, ३०१ ते ५०० पर्यंत १४.५५ आणि ५०० च्या वर प्रत्येक युनिटला १६.६४. एका मीटरवर ६२० युनिट पडले की स्वस्तातले पहिले १०० संपूर्ण वाड्याला एकदाच मिळतात. पुढचे २०० दुसऱ्या स्लॅबमध्ये (दराच्या टप्प्यात), त्यापुढचे २०० तिसऱ्यात आणि शेवटचे १२० थेट सर्वांत महाग दराने. हिशेब केला तर नुसता वीज आकार ७,४३५ रुपये ८० पैसे.

हेच ६२० युनिट सात मीटरवर वाटले तर पाच घरं १०० च्या आतच राहतात. उरलेल्या दोघांचे मिळून १५ युनिट दुसऱ्या स्लॅबमध्ये जातात, बस. सात घरांचा मिळून वीज आकार ३,००३ रुपये ९० पैसे. महिन्याला ४,४०० रुपयांहून जास्त फरक. युनिटला १.१७ रुपये वहन आकार (वीज वाहून आणण्याचा) तेव्हा दोन्हीकडे सारखाच होता. स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा ठरलेला) मात्र एका मीटरऐवजी सात मीटरचा भरावा लागेल, तो फरकातून वजा करायचा. तरीही प्रत्येक घराच्या हातात दर महिन्याला चांगली रक्कम उरते. शिवाय या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क बसतं, म्हणजे मूळ रक्कम फुगली की शुल्कही फुगतं.

सगळे आकार आणि शुल्क धरून मालकांचं बिल साडेनऊ हजारांच्या वर जातं. भाडेकरूंकडून १५ रुपयांनी येतात ९,३००. म्हणजे मालक खरंच पदरचे घालत होते आणि भाडेकरूही खरंच दीडपटीहून जास्त भरत होते. दोघंही आपापल्या जागी बरोबर. हा कागद मी मोठ्या अक्षरांत लिहून जिन्याखाली चिकटवलाय. आजवर या विषयावर जेवढं बोलणं झालं त्यात स्लॅब हा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी, सगळे घरी. सातही घरांचा भार मोजून घेतला.

वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या घराचा तपशील नमुना म्हणून: ९ वॅटचे पाच एलईडी दिवे, दोन पंखे, जुना फ्रिज, टीव्ही, ५०० वॅटचा मिक्सर, १,००० वॅटची इस्त्री. बेरीज दोन किलोवॅटच्या आसपास. मग काकूंनी हळूच सांगितलं, थंडी वाढली की २,००० वॅटचा गिझर लावतात. मालकांच्या बिलात भर पडते म्हणून तो कपड्याने झाकून ठेवलाय. नाशिकच्या डिसेंबरात पाणी तापवणं ही काही चैन नव्हे. गिझर धरून अर्जात चार किलोवॅट लिहायचं ठरवलं.

भार कमी दाखवला तर बिल कमी येईल, असा समज बऱ्याच घरांत दिसला. सिंगल फेज घरगुती जोडणीचा स्थिर आकार जोडणीमागे असतो, किलोवॅटमागे नाही. जोडणीचा एकवेळचा खर्च भाराच्या टप्प्यावर ठरतो हे खरं, पण तेवढ्यासाठी भार लपवला तर खांबापासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर बारीक पडते, आणि लाकडी वाड्यात तापलेली वायर म्हणजे काय, ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

शिवणकाम करणाऱ्या वहिनींना भीती होती की मशीनमुळे व्यापारी मीटर घ्यावं लागेल. तसं नाही. राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय चालत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत, आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० च्या आत असेल, तर घरगुती दरच लागू होतो. त्यांचा वापर १०५. अर्जात हेतू ‘घरगुती’ लिहायचा, मशीन लपवायची गरज नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

मालकांशी बैठक. वय झालंय, सगळे त्यांना तात्या म्हणतात. चहा झाला आणि तात्यांनी मुद्द्यालाच हात घातला: “मीटर त्यांच्या नावावर झालं की उद्या खोलीही त्यांचीच म्हणतील.”

ही भीती जुन्या नाशकातल्या प्रत्येक वाडामालकाच्या मनात आहे, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वीजजोडणीचा आणि मालकी हक्काचा काही संबंध नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्येच ‘मालक किंवा ताबेदार’ असे शब्द आहेत. जो जागेत राहतो त्याने मागितलं तर वीज देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य. जागा कुणाची, हा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा. तो मीटरवरच्या नावाने सुटत नाही आणि बिघडतही नाही.

तात्यांना कायद्यापेक्षा जिन्याखालचा कागद जास्त पटला. आणि दुसरी एक अडचण त्यांनी स्वतःच सांगितली. ऑगस्ट २०२३पासून घरगुती बिलाचे महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतच रोख भरता येतात. त्यांचं बिल त्याच्या वर, त्यामुळे दर महिन्याला मुलाच्या मोबाइलची वाट बघायची. मुलगा पुण्याला. एकदा तारीख हुकली तर विलंब आकार तात्यांच्या नावावर, आणि एका घराने पैसे थकवले तरी वीज तुटण्याची भीती सगळ्या वाड्याला. वेगळी मीटरं झाली की ही जबाबदारीच त्यांच्या डोक्यावरून उतरते.

सहा बिऱ्हाडांना संमतीची सही द्यायला तात्या तयार झाले. मधल्या मजल्यावरच्या एका घराशी त्यांचा भाड्यावरून जुना वाद आहे, त्यांना सही नाही म्हणजे नाही. तिथे ताणून धरण्यात अर्थ नव्हता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की वीज ही मूलभूत सुविधा आहे, मालकाने ना हरकत दिली नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढंच वीज कंपनीने बघायचं. त्या घराचा अर्ज ताब्याच्या पुराव्यावर करायचा. तात्यांनाही हे तोंडावर सांगून ठेवलं. त्यांच्या पाठीमागून काही करायचं नाही, हे गटाचं आधीपासूनच ठरलेलं आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

वाड्यात मीटरची चर्चा सुरू झाल्याचं कळल्याबरोबर एक मध्यस्थ येऊन गेला. “मीटरची किंमत, साहेबांचं, कागदांचं, सगळं धरून” असा एकच आकडा तो प्रत्येक घराला सांगत होता. दोन घरांनी आगाऊ रक्कम देण्याची तयारीही केली होती. मालकाच्या सहीशिवाय मीटर मिळतच नाही, हेही त्याने ठासून सांगितलं.

संध्याकाळी चौकात सगळ्यांना एकत्र बसवून पैशांची बाजू समजावली. मीटर वितरण कंपनीच्या मालकीचं असतं. ग्राहकाने स्वतः विकत घ्यायचं ठरवलं तर कलम ५५ ती मुभा देतं, पण कुणी सांगतं म्हणून ‘मीटरचे पैसे’ मोजायचे नाहीत. भरायचं ते फक्त कोटेशनवर (कंपनीच्या लेखी मागणीपत्रावर) छापून येईल तेवढं: अर्जाचं प्रक्रिया शुल्क, सेवा जोडणी आकार आणि सुरक्षा ठेव. घरातलं वायरिंग आणि ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट हा खर्च वेगळा, तो थेट त्या माणसाला आणि पावती घेऊन.

एका तरुणाने विचारलं, पैसे न देता फाइल अडली तर? अडली तर टोल फ्री १९१२, १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५ वर तक्रार, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवायचा. त्यानेही नाही झालं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहेत. तिथे अर्ज करायला वकील लागत नाही. आगाऊ रक्कम कुणी दिली नाही.

७ डिसेंबर, शनिवार

कागदपत्रं. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

नियम सोपा आहे. ग्राहक हक्क नियम २०२० प्रमाणे १० किलोवॅटपर्यंतच्या जोडणीला दोनच कागद लागतात: ओळखीचा पुरावा आणि त्या जागेच्या मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा. तो नसेल तर पत्त्याचा दुसरा पुरावा. ओळखीला आधार, मतदार ओळखपत्र, पॅन चालतं. खरी अडचण ताब्याच्या पुराव्याची. भाडेकरार एकाच घराकडे निघाला. बाकीच्यांकडे पत्र्याच्या पेट्यांतून बाहेर आल्या त्या भाडेपावत्या, काही तात्यांच्या वडिलांच्या सहीच्या. रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, बँकेचं पत्र आलेलं पाकीट, मुलाच्या शाळेचा दाखला, असं मिळेल ते जमवलं.

मग नावं जुळवण्याचं काम. तळमजल्यावरच्या आजींचं आधारवर एक नाव, रेशनकार्डावर माहेरचं नाव आणि भाडेपावती स्वर्गवासी आजोबांची. मोठ्या मुलाचं नाव टाकू, असं घरच्यांचं म्हणणं होतं. आजी म्हणाल्या, मुलगा सिडकोत राहतो, इथे मी राहते, मीटर माझं. बरोबरच होतं. ताबा त्यांचा आहे, अर्ज त्यांच्याच नावाने. आजोबांचा मृत्यू दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं स्वयंघोषणापत्र जोडलं.

प्रत्येक घराची वेगळी फाइल केली, मूळ कागद त्याच दिवशी परत केले. कुणाचंही मूळ कागदपत्र गटाकडे ठेवून घ्यायचं नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

अर्ज भरले. महावितरणच्या संकेतस्थळावर नवीन वीजजोडणीसाठी जो अर्ज असतो त्याला सगळे ए-१ फॉर्म म्हणतात. मोबाइल ॲपवरूनही भरता येतो. जवळच्या ग्राहकाचा क्रमांक लागतो, त्यासाठी तात्यांच्या बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक आणि ४ आकडी बिलिंग युनिट वापरलं. त्यावरून अर्ज योग्य उपविभागाकडे जातो. पुढे भार, फेज, हेतू, कागदांचे फोटो.

कुठल्याही वाड्यात हे काम करणाऱ्यांना एक आग्रहाने सांगेन: अर्जात मोबाइल क्रमांक घरच्या माणसाचाच घाला. मदत करणारे सोयीसाठी स्वतःचा टाकतात, मग कोटेशनचा एसएमएस, बिलाचा एसएमएस, सगळं त्यांच्याकडे येत राहतं आणि ग्राहक आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताकडे बघतो. आजींकडे मोबाइल साधा आहे, तरी क्रमांक त्यांचाच दिला. एसएमएस साध्या मोबाइलवरही येतो.

सहा अर्ज गेले, अर्ज क्रमांक मिळाले, प्रत्येकाने आपल्या फाइलवर लिहून घेतला. सातवी खोली मागची. तिथे पूर्वी वेगळं मीटर होतं आणि आधीच्या भाडेकरूच्या थकबाकीमुळे ते २०१७ मध्ये कायमचं तोडलेलं आहे. त्याची नोंद वेगळी येईल.

१७ डिसेंबर, मंगळवार

जागेची पाहणी. खांबापासूनचं अंतर, वायर कुठून येणार, मीटर कुठे लागणार हे बघून गेले. वादातल्या घराचीही पाहणी झाली. स्वयंपाकघर चालू, मुलं अभ्यासाला बसलेली, ताब्याबद्दल प्रश्नच नव्हता.

मीटरच्या जागेवरून मात्र माझा आग्रह होता. जुनं मीटर दिंडी दरवाजाच्या आत खाली, कमरेच्या उंचीवर आहे. त्याच भिंतीवर ऑगस्ट २०१९ च्या पुराच्या पाण्याचा पट्टा अजून दिसतो. गोदावरीचं पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं की सराफ बाजारातली दुकानं रिकामी करायला लागतात, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. नवीन बोर्ड त्या पट्ट्याच्या बराच वर हवा आणि तरीही रीडिंग घेणाऱ्याला उभ्याने आकडे वाचता आले पाहिजेत. दरवाजाच्या आतल्या ओट्यावरची उजवी भिंत या दोन्ही गोष्टींना पुरते. तिथे सात मीटरचा एकच बोर्ड करायचं सर्वांना मान्य झालं.

२१ डिसेंबर, शनिवार

सहाही कोटेशनं आली. चौकात बसून ओळ न ओळ वाचली.

सेवा जोडणी आकार आणि प्रक्रिया शुल्क परत मिळत नाही. सुरक्षा ठेव आपलीच असते. वीजपुरवठा संहिता २०२१ प्रमाणे ती सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी धरतात, वापर वाढला तर दरवर्षी फरक मागतात, तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराने व्याज मिळतं आणि ते बिलातूनच वळतं होतं. जोडणी बंद केली की येणं वजा करून ठेव परत. म्हणून ठेवीची पावती हरवायची नाही. शिवणकामवाल्या वहिनींनी ती लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवली.

जीएसटीची ओळही तपासली. वीजजोडणी देणं, मीटर तपासणं, मीटर हलवणं अशा पुरवठ्याशी निगडित सेवांना १० ऑक्टोबर २०२४पासून जीएसटीतून सूट आहे. सुरक्षा ठेवीवर तर तो कधीच नव्हता. जुन्या कोटेशनचा नमुना बघून कुणी १८ टक्के धरून पैसे मागत असेल तर ही तारीख दाखवावी.

पैसे भरताना अर्ज क्रमांक टाकून संकेतस्थळावरून यूपीआयने भरले. दोन घरांना एकदम रक्कम जमत नव्हती, त्यांना महिला बचत गटाने कर्ज दिलं. वीजबिलात वाचणाऱ्या पैशांतूनच हप्ता फिटेल, हे मांडलेल्या हिशेबावरून बचत गटाच्या अध्यक्षांनीच ठरवलं. प्रत्येक पावतीवर अर्जदाराचं नाव आणि अर्ज क्रमांक आहे ना, हे पाहिल्याशिवाय कुणाला उठू दिलं नाही.

‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असे खोटे मेसेज खूप फिरतात. महावितरणचा एसएमएस कुणाच्या खासगी मोबाइल क्रमांकावरून येत नाही. कोटेशनचे पैसे भरण्यासाठी आलेली कुठलीही लिंक उघडायची नाही, स्वतः संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये जायचं.

कायद्याचं घड्याळ आता सुरू होतं. सगळ्या कागदांसह आणि पैसे भरून पूर्ण झालेला अर्ज म्हणजेच ‘अर्ज’, असं कलम ४३ च्या स्पष्टीकरणात आहे. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर ग्राहक हक्क नियमांत मुदती अशा: महानगरांत ३ दिवस, इतर शहरी हद्दीत ७, ग्रामीण भागात १५. आम्ही ७ धरून चाललोय. पण त्याआधी आमच्या बाजूचं वायरिंग तयार पाहिजे.

५ जानेवारी २०२५, रविवार

वायरिंग. परवानाधारक ठेकेदार, त्यांची माणसं आणि शिकायला माझे काही विद्यार्थी.

इथे जरा थांबून लिहिते, कारण एकाच मीटरवरच्या बहुतेक वाड्यांत हाच घोळ असतो. सबमीटर लावताना कुणीतरी प्रत्येक घराची फेजची (वीज आणणारी) वायर वेगळी केली होती, न्यूट्रल (परतीची वायर) मात्र सगळ्यांची एकच ठेवली. लाकडी पट्टी फिटिंगमध्ये ती तुळईच्या कडेने सातही घरांत फिरते. एकच मीटर असेपर्यंत याने काही अडत नाही. पण स्वतंत्र मीटर लागलं की काकूंच्या घराची वीज काकूंच्या मीटरच्या फेजमधून जाणार आणि परत येताना शेजारच्या मीटरच्या न्यूट्रलमधून येणार. आजचं इलेक्ट्रॉनिक मीटर दोन्ही वायरींतला प्रवाह मोजतं. ते जुळले नाहीत की त्याच्यावरचा अर्थ लीकेजचा (वीजगळतीचा) दिवा लागतो आणि ग्राहकावर नाहक संशय येतो. घरात आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर ती टिकतच नाही, लावली की पडते. मग वायरमन कंटाळून आरसीसीबीच काढून टाकतो, आणि तिथेच माणूस दगावण्याची वाट मोकळी होते.

म्हणून प्रत्येक घराची फेज आणि न्यूट्रल बोर्डपासून घरापर्यंत वेगळ्या पाइपातून नेली. एकेका घराची न्यूट्रल सोडवून बाकीच्या घरांत दिवा चालू राहतो का, हे विद्यार्थ्यांनी तपासलं. दोन ठिकाणी राहिला नाही, तिथल्या भिंती उघडाव्या लागल्या. प्रत्येक घराला मेन स्विच, एमसीबी (जास्त भाराला आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि नीट अर्थिंग. गटाने पैशांची ओढाताण असतानाही आरसीसीबीवर तडजोड केली नाही, याचं मला फार समाधान आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीत काम बंद. गच्चीवर पतंग उडवणाऱ्या पोरांच्या मांज्याने जुन्या सर्व्हिस वायरला वेढे घातलेत. ते काठीने ओढायचे नाहीत, एवढं घरोघर सांगितलं. टेस्ट रिपोर्टवर ठेकेदाराची सही झाली, सहाही रिपोर्ट दिले.

२२ जानेवारी, बुधवार

ओट्यावरच्या बोर्डावर सहा मीटर लागले, वादातल्या घराचंही. मीटर क्रमांक, सुरुवातीचं रीडिंग आणि सील दिसेल असा फोटो ज्याने त्याने आपल्या मोबाइलवर घेतला. आजींच्या मीटरचा फोटो त्यांच्या नातवाने घेतला आणि आकडे वहीत लिहून दिले. कोणतं मीटर कुणाचं हे ऑइलपेंटने मीटरखाली लिहिलं. पुढे एकमेकांच्या बिलात गफलत व्हायला नको.

प्रीपेड मीटर लावतील का, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलंय. महिन्याचं बिल नेहमीसारखं मागाहूनच येणार.

९ फेब्रुवारी, रविवार

मागची खोली. इथे नवरा-बायको आणि दोन लहान मुलं राहतात, २०२१पासून. थकबाकी त्यांची नाही, त्यांनी त्या भाडेकरूला कधी पाहिलेलंही नाही. तरी थकबाकी जागेवर राहते, हे पचायला कठीण असलं तरी नियमात आहे. मात्र त्यालाही मर्यादा आहे: कायदेशीर वारस सोडून दुसऱ्या कुणावर ती येत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या आकाराएवढीच. हे ठाऊक नसल्यामुळे लोक व्याजासकट सगळा डोंगर भरतात, किंवा घाबरून शेजाऱ्याकडून वायर ओढतात.

या वेळी आणखी एक वाट होती. ३१ मार्च २०२४ पूर्वी कायमस्वरूपी तोडलेल्या जोडण्यांसाठी महावितरणची अभय योजना तेव्हा सुरू होती, मुदत ३१ मार्च २०२५पर्यंत वाढली होती. व्याज आणि विलंब आकार पूर्ण माफ. मूळ थकबाकीच्या ३० टक्के आधी भरून उरलेले सहा हप्त्यांत देता येत होते, एकरकमी भरले तर लघुदाब (घरगुतीसारख्या) ग्राहकाला आणखी १० टक्के सूट होती. जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कुणीही अर्ज करू शकत होता.

दोन्ही हिशेब तात्यांसमोर ठेवले. ते बराच वेळ कागद बघत राहिले, मग म्हणाले, “खोली माझी, भाडं मी घेतलं, तर हे पण मीच भरतो. त्या पोरांच्या डोक्यावर नको.” एकरकमी भरायचं ठरलं. मुलाने पुण्याहून ऑनलाइन भरले. थकबाकी नसल्याचा कागद हातात आल्यावर सातवा अर्ज केला.

२ मार्च, रविवार

पहिली बिलं. काकूंनी चष्मा लावून स्वतः वाचलं: वापर ९१ युनिट, सगळे पहिल्या स्लॅबमध्ये. गिझरवरचा कपडा निघालाय.

ऑनलाइन भरलं तर पाव टक्का सूट मिळते. मुदत हुकली तरी लगेच वीज तोडता येत नाही, कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पण मुदतीची वाट बघत बसू नका, असं आजींनीच सर्वांना बजावलं. त्यांनी आपलं बिल दुसऱ्याच दिवशी केंद्रावर जाऊन रोख भरलं.

एका घराचं बिल जास्त वाटतंय. तिथलं रीडिंग रोज रात्री वहीत लिहायला सांगितलंय. फ्रिजचं दार नीट लागत नाही, कारण बहुधा तेच. तरीही शंका राहिली तर मीटरची तपासणी मागता येते. नव्या नियमांत तक्रारीनंतर पाच दिवसांत पडताळणीसाठी जोडीला दुसरं मीटर लावण्याची तरतूद आहे.

१७ मार्च, सोमवार

मागच्या खोलीचं मीटर लागलं. रंगपंचमीच्या आधी बोर्डाला दार आणि कुलूप बसवून घेतलं. परवा या गल्लीतून रहाडीकडे (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाकडे) जाणाऱ्या लोकांचा लोंढा असतो आणि रंगाचं पाणी कुठेही उडतं.

आता तात्यांचं जुनं मीटर राहिलं. त्यावर जिन्याचे दोन दिवे, संडासातला दिवा आणि आडावरची मोटार एवढंच आहे. त्याचं बिल सात घरं आणि तात्या असे आठ भागांत वाटून घ्यायचं ठरलं, मोटारीची वेळ सकाळी सहा ते सात. जुने सबमीटर काढून तात्यांना परत दिले. पलीकडच्या वाड्यातून दोन वहिनी भाडेपावत्या घेऊन आल्या होत्या. त्यांचा वापर मोजायला येत्या रविवारी जायचंय, सबमीटरची रीडिंग लिहून ठेवायला सांगितलीत.